रानपिंगळा सापडला त्याची हकिगत

पिंगळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. जुन्या वडाच्या ढोलीत राहणारं, दिवस मावळला की कलकलाट करणारं ते लहानसं घुबड. त्याचाच एक भाऊबंद आहे, रानपिंगळा. तो फक्त आपल्या भारतातच आढळतो.

१८७३ साली ह्यूम नावाच्या साहेबाने या पक्ष्याची पहिली नोंद केली. १८८४ नंतर मात्र तो नक्की दिसल्याची नोंद नाही. जगातल्या संग्रहालयांत पेंढा भरलेले अवघे सात रानपिंगळे उरले. जात संपली, असे पुष्कळांना वाटले.

त्यात एक लबाडी होती. सातांतल्या एका पक्ष्याच्या चिठ्ठीवर गुजरातेतले मांडवी हे गाव आणि १९१४ साल लिहिलेले होते. पामेला रासमुसेन या अमेरिकेतल्या विदुषीने तपास केला, तेव्हा ती चिठ्ठीच खोटी निघाली! मायनर्टझागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दुसऱ्याने जमवलेला पक्षी चोरून आपल्या नावावर खपवला होता. खोट्या पत्त्यावर पाहुणा कसा भेटणार?

मग त्या बाई, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट असे तिघे खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या ठिकाणी शोधायला निघाले. आधी पूर्वेकडची जंगले पाहिली. तिथे काही मिळाले नाही. मग ते आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबर १९९७ ची सकाळ होती. पाने झडलेल्या झाडावर एक पिंगळा उन्हात बसला होता. दुसरा कुणी ‘पिंगळाच तर आहे’ म्हणून पुढे गेला असता. यांनी नीट निरखला. ११३ वर्षांनी रानपिंगळा सापडला!

तो ओळखला कशावरून? खुणा ध्यानात ठेवा.

डोके : साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके तपकिरी, ठिपके असून नसल्यासारखे.

पंख आणि शेपटी : त्यांवर रुंद पांढरे पट्टे.

पाय : जाड, पांढऱ्या पिसांनी झाकलेले.

सवय : हा भर दिवसा शिकार करतो. उंदीर, सरडे खातो.

आम्ही शाळेत मुलांना सांगत असू, बघणे निराळे आणि निरखणे निराळे. ते इथे पटते.

पुढे मेळघाटात आणि ठाणे जिल्ह्यातल्या तानसाच्या रानातही हा पक्षी दिसला. तरी त्याची संख्या थोडीच आहे. जुनी ढोलीची झाडे तुटली की त्याचे घर गेले. त्यात ‘घुबड अपशकुनी’ म्हणून माणसे धोंडा मारतात, कुणी जादूटोण्यासाठी धरतात. घुबडाच्या ओरडण्याने कुणी मरत नाही, मंडळी. उलट ते उंदीर खाऊन आपले धान्य राखते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानपिंगळा मारणे हा गुन्हा आहे.

तेव्हा रानात पिंगळा दिसला तर हातातला धोंडा खाली टाका आणि आधी त्याचे डोके बघा. ठिपके नसले, तर वनखात्याच्या माणसाला जरूर कळवा.