दवाखान्याचा मालक कोण?

सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांबद्दल लोकांचे अनुभव मागवले. उत्तरं आली ५६ हजार. त्यांतली सुमारे ४५ हजार प्राणी पाळणाऱ्यांची होती: बिलं झेपत नाहीत, खर्चाचा आकडा शेवटी कळतो, औषध बाहेर स्वस्त मिळतं हे कुणी सांगत नाही. हे अपेक्षितच होतं. मला जास्त महत्त्वाची वाटतात ती उरलेली ११ हजार उत्तरं, कारण ती याच व्यवसायात काम करणाऱ्यांची होती. ज्यांच्या नावाने लोक बोटं मोडतात तेच डॉक्टर आणि त्यांचे सहकारी एवढ्या संख्येने बोलायला पुढे येतात, तेव्हा ‘डॉक्टर लुटतात’ हे साधं उत्तर पुरत नाही. दवाखान्याच्या टेबलावर राग निघतो तो समोरच्या डॉक्टरवर. त्या टेबलाचा मालक मात्र बहुतेक वेळा तिथे नसतो, आणि तो कोण आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊकही नसतं. ब्रिटनमधल्या या प्रकरणाचं मूळ तिथे आहे, असं माझं मत आहे.

दर का वाढले, याची खरीखुरी कारणंही आहेत आणि ती झाकून ठेवून कुणाचं भलं होणार नाही. वीस-तीस वर्षांपूर्वी ज्या आजारात कुत्र्याला झोपेचं इंजेक्शन देऊन निरोप दिला जाई, त्या आजारात आज एमआरआय होतो, केमोथेरपी होते, सांध्यांच्या शस्त्रक्रिया होतात. यंत्रं महाग, ती चालवणारी माणसं महाग. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांच्या फीवर २० टक्के व्हॅट आहे. शिवाय सरकारी आरोग्यसेवेमुळे तिथल्या माणसाला स्वतःच्या ऑपरेशनचं बिल सहसा दिसतच नाही. वैद्यकीय उपचारांची पूर्ण किंमत तो पहिल्यांदा वाचतो ती मांजराच्या बिलावर. एवढं सगळं मान्य केलं तरी हिशेब पुरा होत नाही. प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या प्राथमिक निष्कर्षांनुसार २०१६ ते २०२३ या काळात पशुवैद्यकीय सेवांचे दर ६३ टक्क्यांनी वाढले, महागाईच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त. आणि मोठ्या कंपन्यांच्या दवाखान्यांतले दर स्वतंत्र दवाखान्यांपेक्षा सरासरी १६.६ टक्क्यांनी अधिक निघाले. व्हॅट दोघांनाही सारखा, डॉक्टर त्याच विद्यापीठांतून शिकलेले, एक्स-रेची यंत्रंही तीच. मोठ्या दवाखान्यात सोयी अधिक असतील, असं यावर म्हटलं जातं. काही ठिकाणी असतीलही. पण अधिक सोयींसाठी अधिक पैसे मोजायचे, तर आपण मोठ्या कंपनीच्या दवाखान्यात आहोत हे तरी माणसाला कळायला हवं ना? नेमकं तेच कळत नाही.

१९९९ पर्यंत ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय दवाखान्याची मालकी पशुवैद्याकडेच असे. त्या वर्षी हे बंधन गेलं आणि कुणालाही दवाखाना विकत घेण्याची मुभा मिळाली. सुरुवातीला बदल हळूहळू झाला, मग वेगाने. २०१३ मध्ये मोठ्या गटांकडे सुमारे १० टक्के दवाखाने होते. दहा वर्षांत हे प्रमाण जवळपास ६० टक्क्यांवर गेलं. आयव्हीसी एव्हिडेन्सिया, सीव्हीएस, मेडिव्हेट, पेट्स अ‍ॅट होम, लिनिअस आणि व्हेटपार्टनर्स असे हे सहा गट. यांतला लिनिअस हा मार्स कंपनीचा. आपल्याकडच्या दुकानांत पेडिग्री आणि व्हिस्कसच्या पिशव्या दिसतात, ती ही कंपनी. अमेरिकेत २०१७ मध्ये तिने व्हीसीए ही प्राण्यांच्या रुग्णालयांची साखळी ९१० कोटी डॉलरला घेतली. आयव्हीसी एव्हिडेन्सियाचं मूल्य २०२१ मध्ये गुंतवणूकदारांनी १,२३० कोटी युरो धरलं. कुत्र्याला लस टोचणं आणि मांजराचे दात साफ करणं या धंद्यात एवढा पैसा का यावा, याचं उत्तर अवघड नाही. दवाखाने छोटे आणि विखुरलेले. निवृत्तीला आलेल्या डॉक्टरला गिऱ्हाईक हवं, आणि शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेल्या तरुण डॉक्टरला तो दवाखाना घेणं परवडत नाही. सरकारी दरनियंत्रण नाही, आणि जनावर आजारी पडलं की पैसे मोजणारा माणूस घासाघीस करत नाही. एकेक दवाखाना विकत घेऊन मोठा गट बांधला की गटाची किंमत सुट्या दवाखान्यांच्या बेरजेपेक्षा वाढते. मात्र खरेदीत घातलेला पैसा आणि त्यासाठी काढलेलं कर्ज कुठून तरी वसूल व्हावं लागतं.

हा बदल रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसला नाही, कारण सहापैकी चार गटांनी साधारणपणे विकत घेतलेल्या दवाखान्याचं जुनं नावच ठेवलं. दारावर तीच पाटी, स्वागतकक्षात तीच बाई, कपाटात तुमच्या कुत्र्याचे तेच कागद. दर ठरवण्याचा अधिकार तेवढा दुसऱ्या शहरातल्या कार्यालयात गेला. एका गावात तीन वेगवेगळ्या नावांचे दवाखाने असले तर माणसाला वाटतं, आपल्यापुढे तीन पर्याय आहेत; ते तिन्ही एकाच मालकाचे असू शकतात. मालकी दवाखान्यापाशी थांबतही नाही. रक्त तपासणारी प्रयोगशाळा, रात्री-बेरात्री उघडं असणारं केंद्र, तज्ज्ञांचं रुग्णालय, ऑनलाइन औषधांचं दुकान आणि शेवटी दहनाची व्यवस्था, यांतलं बरंच काही त्याच गटांच्या हातात आहे. डॉक्टर म्हणतो, ‘तज्ज्ञाला दाखवा’, आणि चिठ्ठी देतो. सल्ला अगदी योग्य असेल. पण चिठ्ठी देणारा आणि चिठ्ठी घेणारा एकाच तिजोरीत पैसे भरतात हे समोरच्याला कळायला हवं, म्हणजे दुसरीकडे विचारायचं की नाही हे त्याला ठरवता येईल.

औषधांचं उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे. संधिवात झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला वेदनाशामक औषध महिनोन्‌महिने द्यावं लागतं. दवाखान्यातून बाटली मिळते. तीच बाटली, त्याच कंपनीची, तितक्याच मिलिलिटरची, ऑनलाइन दुकानात कितीतरी स्वस्त असते. काही औषधांसाठी दवाखान्यातली किंमत जवळपास दुप्पट असू शकते, असं प्राधिकरणाने म्हटलं आहे. बाहेरून घ्यायची तर डॉक्टरची लेखी चिठ्ठी लागते, आणि ती मागणं हा पालकाचा हक्क आहे. पण दवाखाना त्या चिठ्ठीचे वेगळे पैसे लावतो, आणि बऱ्याचदा ते इतके असतात की एका बाटलीपुरती बचत संपूनच जाते. हे दुखणं नवं नाही. तिथल्या स्पर्धा आयोगाने २००३ मध्येच या औषधबाजारावर अहवाल दिला होता. त्यानंतर २००५ पासून तीन वर्षं चिठ्ठीसाठी पैसे घेण्यास बंदी होती. २००८ मध्ये मुदत संपली, बंदी उठली आणि शुल्क परतलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने चिठ्ठीच्या शुल्कावर १६ पौंडांची मर्यादा सुचवली. औषधाच्या नफ्यावर दवाखाना चालतो आणि तो काढून घेतला तर तपासणीची फी वाढेल, हा यावरचा आक्षेप खोटा नाही. फी वाढेलही. तरी मला तेच बरं वाटतं. तपासणीची फी समोर दिसते आणि तिची तुलना करता येते. औषधात लपवलेली फी मात्र तो भरतो, ज्याच्या जनावराचा आजार लांबतो, आणि आपण ती भरतोय हे त्याला माहीतही नसतं.

उपचार किती करायचे, हा याहून नाजूक प्रश्न. समजा कुत्र्याच्या अंगाला खाज सुटली आहे. पिसवांवरचं औषध देऊन पंधरा दिवस वाट पाहता येते. स्टेरॉइडच्या स्वस्त गोळ्या देता येतात. दर महिन्याला महागडं इंजेक्शन देता येतं. अ‍ॅलर्जीच्या तपासण्या, खास आहार, त्वचारोगतज्ज्ञ हेही मार्ग आहेत. यांतला कोणताही गैर नाही. कुठला कधी योग्य, हे त्या कुत्र्याचं वय, त्रासाची तीव्रता, घरची परिस्थिती आणि खिसा पाहून ठरवायचं असतं. असा विचार करून उपचार ठरवण्याच्या पद्धतीला ब्रिटनमधल्या व्यवसायातही आता मान मिळू लागला आहे. पण तिला वेळ लागतो, अनुभव लागतो, आणि ‘इतकं पुरे’ म्हणण्याचं स्वातंत्र्य लागतं. महिन्याची उलाढाल वरून तपासली जात असेल तर ते स्वातंत्र्य आकुंचन पावतं. त्यासाठी डॉक्टर लबाड असायची गरज नाही; जास्तीची तपासणी नेहमीच सावधपणाच्या नावाखाली बसते. समोरचा माणूस नाही म्हणू शकत नाही, कारण रुग्णाला बोलता येत नाही आणि नकार दिला तर आपण निष्ठुर ठरू अशी त्याला भीती असते. पशुवैद्यांमधलं आत्महत्येचं प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं ब्रिटनमधल्या अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. याची कारणं अनेक आहेत, आणि पैशांअभावी उपचार सोडून देणारे पालक रोज समोर पाहणं हा त्या कामाचाच भाग आहे. म्हणून पालकांच्या संतापातून डॉक्टरला वेगळं काढणं ही निव्वळ सभ्यता नव्हे. तसं न केल्यास राग चुकीच्या माणसावर निघतो आणि दर ठरवणारा नामानिराळा राहतो.

परवडत नसेल तर कुत्रं पाळायचंच कशाला, असं बरेच जण विचारतात. जबाबदारी झेपेल का, हे आधी पाहावं यात दुमत नाही. पण झेपेल की नाही हे ठरवायला किंमत माहीत असावी लागते. आपल्या तपासात प्राधिकरणाला ८० टक्क्यांहून अधिक दवाखान्यांच्या संकेतस्थळांवर दरच आढळले नाहीत. पिल्लू घरी आणताना कळत नाही आणि आठ वर्षांनी ते ऑपरेशनच्या टेबलावर असताना कळतं, ती माहिती निर्णयाच्या काय कामाची? विमा काढा, हे दुसरं उत्तर. ब्रिटनमधल्या विमा कंपन्या पाळीव प्राण्यांच्या दाव्यांपोटी वर्षाला १०० कोटी पौंडांहून अधिक देतात. तरी दर त्यामुळे उतरले नाहीत, आणि म्हाताऱ्या किंवा आधीपासून आजारी असलेल्या जनावराचा विमा सर्वांत महाग, किंवा मिळतच नाही. पीडीएसएसारखी १९१७ पासूनची धर्मादाय संस्था गरिबांच्या जनावरांवर उपचार करते आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण तिच्या अटींत न बसणारा मध्यमवर्ग त्या दाराबाहेरच राहतो.

दर ठरवणारा नामानिराळा कसा राहतो, हे कोडं कायद्याकडे पाहिलं की सुटतं. ब्रिटनचा पशुवैद्यांविषयीचा मुख्य कायदा १९६६ चा, पशुवैद्य स्वतःच दवाखान्याचा मालक असे त्या काळचा. रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्स त्यानुसार डॉक्टरची नोंदणी करतं, त्याच्या वर्तनाची चौकशी करतं, त्याची सनद काढून घेऊ शकतं. दवाखाना चालवणाऱ्या कंपनीवर मात्र त्याचा असा अधिकार चालत नाही. डॉक्टर उत्तरदायी, मालक मोकळा. प्राधिकरणाने सुचवलेले उपाय या पोकळीवरच बोट ठेवतात: दरपत्रक जाहीर करा, दवाखाना कोणत्या गटाचा ते स्पष्ट लिहा, ५०० पौंडांपुढच्या उपचाराचा अंदाज आधी लेखी द्या, बिल तपशीलवार द्या, आणि कायदा कंपन्यांनाही लागू करा. अशा नियमांचा बोजा छोट्या दवाखान्यांना जास्त जाणवेल, ही तक्रार ऐकून घ्यायला हवी. पण लसीचा, नसबंदीचा, दात साफ करण्याचा दर कागदावर छापायला कंपनी लागत नाही. आणि तुलना झाली तर सरासरीने स्वस्त असलेल्या स्वतंत्र दवाखान्याचंच त्यात हित आहे.

महाराष्ट्रात ही परिस्थिती अजून आलेली नाही. परळला प्राण्यांचं धर्मादाय रुग्णालय १८८३ पासून आहे, मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. बहुतेक दवाखाने आजही एकेका डॉक्टरचे आहेत, आणि पशुवैद्यकीय उपचारांवर आपल्याकडे जीएसटी नाही. पण शहरांत कुत्री-मांजरं पाळणारी कुटुंबं वाढत आहेत, साखळी दवाखानेही दिसू लागले आहेत. आणि आपला १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा ब्रिटनच्या कायद्यासारखाच प्रामुख्याने डॉक्टरच्या नोंदणीचा आहे. माणसांच्या खासगी रुग्णालयांनी दरपत्रक दर्शनी भागात लावावं, अशी तरतूद महाराष्ट्राच्या २०२१ च्या नियमांत आहे. प्राण्यांच्या दवाखान्यांना ते नियम लागू नाहीत. ते लागू करावेत, त्यात मालकाचं नाव पाटीवर लिहिण्याची अट घालावी, आणि हे आत्ताच करावं. ब्रिटनने चौकशी सुरू केली तेव्हा निम्म्याहून अधिक दवाखाने विकले गेले होते.