शेतातील दिव्यांसाठी जलरोधक पॉवर सप्लायची निवड

शेवंतीस फुलावर येण्यासाठी मोठी रात्र लागते. म्हणून रोपांची पुरेशी वाढ होईपर्यंत मध्यरात्री दिवे लावून कळी धरणे लांबविण्याची पद्धत आहे. या काळात पावसाने पॉवर सप्लाय बिघडून दिवे बंद राहिल्यास आखूड दांड्यावरच कळ्या धरतात व फुलांना भाव मिळत नाही. तरी एल. ई. डी. दिव्यांसाठी पॉवर सप्लाय घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. जलरोधकता : पेटीवर 'आय. पी.' या अक्षरांपुढे दोन अंक असतात. पहिला धुळीपासून व दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दर्शवितो. आय. पी. ६५ ची पेटी पाण्याचा फवारा सहन करते, आय. पी. ६७ ची पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. उघड्या शेतासाठी ६७ ची घ्यावी.

२. क्षमता : दिव्यांच्या एकूण वॅटमध्ये चौथा हिस्सा मिळवावा. ८० वॅटच्या दिव्यांना १०० वॅटचा पॉवर सप्लाय लागेल.

३. विद्युत्‌दाब : दिव्यांचा व पॉवर सप्लायचा दाब एकच असावा. लांब ओळींसाठी १२ ऐवजी २४ व्होल्टचे दिवे घ्यावेत. तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा लागतो व तारेतील वीजनाश चौथाईवर येतो.

पेटी जमिनीपासून उंच, सावलीत व हवेशीर जागी बसवावी. पेटी जलरोधक असली तरी उघड्या सांध्यातून पाणी शिरते व ओल्या जमिनीत विजेचा धक्का प्राणघातक ठरतो. म्हणून सर्व सांधे जलरोधक जोडपेटीत घ्यावेत, अर्थिंग करावे, ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. बसवावा आणि जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावी.