कोटणीसांची बोट

१३ एप्रिल यंदाही सोलापुरात कुणाच्या लक्षात आली नाही. १९४१ साली याच तारखेला आइसलँडच्या पश्चिमेला ‘राजपुताना’ बुडाली. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना मुंबईहून चीनकडे घेऊन गेलेली बोट ती हीच.

‘पी अँड ओ’ कंपनीची ही प्रवासी बोट १९२५ सालची. सुरुवातीची वर्षं साहेबलोकांची ने-आण करण्यात गेली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. १९३१च्या ऑगस्टात गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले ते हिच्यातूनच. १ सप्टेंबर १९३८ला अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस हे पाच डॉक्टर जपानशी लढणाऱ्या चीनमधल्या जखमींवर उपचार करायला तिच्यावर चढले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश नौदलानं तिच्यावर सहा इंची तोफा बसवल्या आणि तिला अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजांच्या राखणीला धाडलं. तिथं ‘यू-१०८’ या जर्मन पाणबुडीनं तिला गाठलं. पाणतीर लागल्यावरही ती तासाभराहून अधिक तग धरून राहिली, म्हणूनच ‘लीजन’ या विनाशिकेला २८३ जणांना वाचवता आलं. सुमारे चाळीस जण गेले. शांततेच्या काळातले तिचे कप्तान रिचर्डसन त्यांतच होते.

सत्तरच्या दशकात आम्ही इथं शाळेत होतो. बासष्टच्या चीनयुद्धाची जखम ओली होती. चीनचं नाव निघालं की मास्तरांचा आवाज खाली यायचा. कोटणीसांबद्दल सांगणं घाईघाईत उरकलं.

“सर, ते चीनला गेले कसे?”

“बोटीनं. बस खाली.”

तेवढ्यावर आमची बोळवण झाली, याचा राग मला आजही आहे. ‘पी अँड ओ’च्या बोटींवर डेकवर राबणारे कितीतरी खलाशी रत्नागिरीकडचे असत, खानपान गोव्याची माणसं बघत. आपल्याच लोकांची ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नाही.

कोटणीस ९ डिसेंबर १९४२ला चीनमध्ये वारले. त्याआधी सुमारे दोन आठवडे, २३ नोव्हेंबरला, मुंबईहून आफ्रिकेला निघालेली ‘तिलावा’ ही अशीच विसरली गेलेली बोट जपानी पाणबुडीनं बुडवली. २८० माणसं गेली. तिच्यातली चांदी २०१७ साली समुद्रातून वर काढली, तिच्या मालकीचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला गेला. गेलेल्या माणसांबद्दल आपल्याकडे बोलतं कोण?

भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: तिथं ‘राजपुताना’चं नाव घ्या, ती निघाली ती तारीख सांगा आणि बुडाली तीही सांगा.