पठारावरचं जाहिरातीचं बजेट

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं आणि जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारावर आणि बेल्हे, आळेफाटा या पट्ट्यात हातोहात फेसबुक पोचलं. २०१८मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. शेतात मुक्कामाच्या खोल्या बांधलेले मालक मग पोस्टला ‘बूस्ट मारू’ लागले, म्हणजे पैसे भरून ती जास्त लोकांना दाखवू लागले.

तेव्हा बजेट म्हणजे खिशात उरले तेवढे पैसे. रोज शंभर रुपये, महिनाभर. जाहिरात दिसायचं वर्तुळ आण्याभोवती पन्नास किलोमीटरचं. त्यात येणार पारनेर, संगमनेर, ओतूर, नारायणगाव. म्हणजे ज्यांच्या घरीच विहीर आणि गोठा, अशी माणसं. लाइक धो धो, बुकिंग शून्य. पैसे मोजून चुलीवरचं जेवायला येणारा पुण्यात नि ठाण्यात बसलेला, वर्तुळाबाहेर. बजेट किती, याआधी ते कुणावर, हा प्रश्न सोडवायला मंडळींना दोन-तीन हंगाम लागले.

मग शंभराचा हिशेब उलगडला. फेसबुकच्या यंत्रणेला योग्य गिऱ्हाईक ओळखायला आठवड्यात साधारण ५० प्रतिसाद लागतात. एका चौकशीला ४० रुपये धरले तरी आठवड्याचे २००० झाले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३६०. रोजच्या शंभरात आठवड्याला जेमतेम १७-१८ चौकशा. तेच पैसे महिनाभर शिंपडण्यापेक्षा एका आठवड्यात ओतलेले बरे, हे माझं ठाम मत याच आकड्यांवरून झालं.

गुगलच्या जाहिरातींचा घोळ वेगळा. २०१७पासून गुगल एखाद्या दिवशी ठरल्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू लागलं. महिन्याची मर्यादा मात्र रोजच्या रकमेच्या ३०.४ पट. हे ठाऊक नसलेला माणूस शनिवारचा आकडा बघून हबकायचा. २०२०च्या टाळेबंदीत सगळंच बंद. पुढे १ ऑक्टोबर २०२१ला कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर पेमेंट अडकायला लागली. त्यातून यूपीआयने आधी पैसे भरायची सवय लागली. लहान धंद्याला ही फार मोलाची आहे, कारण भरले तेवढेच जातात.

आण्याच्या रंगदासस्वामींच्या यात्रेतल्या आमटी-भाकरीला लोक न बोलावता येतात. तिथे रुपया घालायची गरज नाही. पैसा राखायचा तो पावसाळ्यासाठी. माळशेज, नाणेघाट हिरवे झाले की बुधवार ते शुक्रवार जोर लावायचा, कारण शनिवार-रविवारचे बेत तेव्हाच ठरतात. पाऊस लांबला तर रक्कम तशीच ठेवायची, आणि खोल्या भरल्या की त्याच रात्री जाहिरात बंद करायची.