गाळ आधी, पावडर नंतर

महाडला पुराचं नवल नाही. महाबळेश्वरला पाऊस कोसळला की सावित्री नदी फुगते, काळ आणि गांधारी तिला येऊन मिळतात, आणि खाली बाणकोटच्या खाडीत भरती असली तर पाणी उतरायचं नाव घेत नाही. 22 जुलै 2021 ला शहर बुडालं. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावात दरडीखाली 84 माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही डोंगर आला. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला लिहायचंय शाळांत शिरलेल्या गाळाबद्दल आणि खरं सांगायचं तर टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीबद्दल. हे माझं जुनं वेड आहे.

पुराचा गाळ म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात संडासाच्या टाक्या, मेलेली जनावरं, दुकानांतलं सडकं धान्य, गॅरेजचं ऑइल, सगळं एकजीव झालेलं असतं. ओला असतो तोवर फावड्याने निघतो. वाळला की बाकाच्या खाचांत सिमेंटसारखा बसतो आणि झाडू मारला की धूळ होऊन पोरांच्या छातीत जातो. म्हणून पाणी उतरतं त्याच दिवशी गाळ काढायला लागायचं, तेही गमबूट आणि हातमोजे घालून, कारण लेप्टोस्पायरोसिसचा जंतू पायाच्या भेगेतूनही शिरतो.

प्रत्यक्षात काय होतं? गाळ जेमतेम दाराबाहेर लोटतात, वर पांढरी पावडर भुरभुरतात, फोटो काढतात आणि ‘निर्जंतुकीकरण पूर्ण’ म्हणून कळवतात. ही पावडर गाळावर टाकणं म्हणजे ती फुकट घालवणं. तिच्यातला क्लोरीन जंतूंपर्यंत पोचायच्या आधी गाळातल्या सेंद्रिय घाणीशीच लढून संपतो. ऑइल, डिझेल यांना तर तो हातही लावत नाही. तिथे धुण्याचा सोडा, गरम पाणी आणि खराटा हवा.

या पावडरीचा इतिहास भारी आहे. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने 1799 मध्ये तिचं पेटंट घेतलं ते कापड पांढरं करायला. 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस नावाचा डॉक्टर इतर डॉक्टरांना तिच्या पाण्यात हात धुवायला लावू लागला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. 1897 मध्ये इंग्लंडमधल्या मेडस्टनला विषमज्वराची साथ आली तेव्हा पाण्याच्या नळवाहिन्या तिनेच धुतल्या. इतकी गुणाची वस्तू आपण ओलसर खोलीत, तोंड उघड्या पोत्यात ठेवतो. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. कोकणातल्या दमट हवेत तो उडून जातो आणि उरतो चुना. महाडजवळच्या एका शाळेत मी असं पोतं उघडून पाहिलं होतं. पावडरीचे खडे झालेले, आणि नाकाला झणका म्हणून नाही.

पाण्याच्या टाकीचं गणित सोपं आहे. आधी गाळ काढून आतल्या भिंती घासायच्या. मग 1000 लिटरला ताजी पावडर 150 ग्रॅम. बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळीच ओतायची. रात्रभर ठेवून नळांतून सोडून द्यायची. नंतर पिण्याच्या पाण्याला 1000 लिटरमागे 2.5 ग्रॅम पुरे. तासाभराने ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट: पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, रंग आला नाही तर ते पाणी पोरांना द्यायचं नाही. आणि संडास धुण्याचं ॲसिड नि ही पावडर कधीही एकत्र करू नये. विषारी वायू सुटतो.

भिंतींचं थोडक्यात सांगतो. वायरमनने बोर्ड तपासल्याशिवाय मेन स्विच लावू नये. ऑइलपेंटच्या पट्ट्यामागे ओल महिनोन्‌महिने राहते आणि बुरशी धरते. भिंतीला प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दुसऱ्या दिवशी पाहावं. आत थेंब दिसले तर रंग लावायची घाई नको.

शाळेच्या जनरल रजिस्टरबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. जन्मतारीख, जात, दाखला, सगळ्याचं मूळ त्यात. भिजलेलं रजिस्टर उन्हात टाकू नये, पानं आक्रसतात नि चिकटतात. पानांमध्ये टीपकागद घालून पंख्याखाली वाळवावं. 1966 च्या नोव्हेंबरात आर्नो नदीने फ्लॉरेन्सची ग्रंथालयं बुडवली, तेव्हा जगभरातून आलेल्या तरुणांनी चिखलातून पुस्तकं हातोहात वर काढली होती. आपल्याकडे निदान रजिस्टरं पावसाळ्याआधी वरच्या मजल्यावर न्यायला काय हरकत आहे?

2021 मध्ये कोरोनामुळे बहुतेक वर्ग बंदच होते. 4 ऑक्टोबरला गावांत पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग सुरू झाले, म्हणजे भिंतींना वाळायला दोन महिन्यांवर मिळाले. पुढच्या पुराला ही सवलत नसेल. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर शाळा उघडण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडे पावडर मारल्याचा फोटो मागू नका. ओटी टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा.