अठरा वर्षांनंतरचा अर्ज

दरवर्षी २ एप्रिलला जागतिक ऑटिझम जाणीव दिन होतो. इमारतींवर निळे दिवे लागतात, चॅनेलांवर बालरोगतज्ज्ञ येऊन जातात आणि 'लवकर निदान, लवकर थेरपी' हे सगळे सांगतात. त्यात खोटं काही नाही. फक्त या कार्यक्रमांतला मुलगा दरवर्षी चार-पाच वर्षांचाच असतो. हा दिवस २००८ मध्ये पहिल्यांदा पाळला गेला तेव्हा जो पाच वर्षांचा होता, त्याला आता मिसरूड फुटूनही बरीच वर्षं झाली. रोज सकाळी बाबा त्याची दाढी करून देतात. दिवसभर तो कुठे असतो? बहुतेक वेळा घरी.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २०१६ मध्ये मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो ६ ते १८ या वयासाठी. अठरावं पूर्ण झालं की विशेष शाळा म्हणते, आता कार्यशाळेचं बघा. कार्यशाळा म्हणजे पणत्या रंगवणं, राख्या, कागदी पिशव्या, दिवाळीत उटण्याची पाकिटं. तिथे जागा मिळेलच असं नाही, आणि मिक्सर लावला तरी कानांवर हात ठेवणाऱ्या मुलाला पंचवीस-तीस जणांच्या गजबजलेल्या खोलीत बसवेलच असंही नाही. बारा-पंधरा वर्षं स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीमागे धावलेले आईबाप इथे येऊन एकदम थांबतात.

त्याच वाढदिवसाला आणखी एक गोष्ट घडते, ती पुष्कळांना बँकेच्या खिडकीपाशी कळते. अठरा वर्षांपर्यंत आईवडील हे नैसर्गिक पालक. त्यानंतर कायद्याच्या लेखी मुलगा सज्ञान, आणि त्याच्या वतीने सही करायचा तुम्हाला अधिकार नाही. 'आमच्या पश्चात याचा सांभाळ काकांनी करावा' असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं की काम झालं, असा आपल्याकडे दृढ समज आहे. सज्ञान माणसाचा पालक असा मृत्युपत्रातून नेमता येत नाही.

त्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी जिल्ह्याच्या पातळीवर एक स्थानिक स्तर समिती असते. पालकांच्या तोंडी ती 'लोकल लेव्हल कमिटी'. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे सदस्य. कोर्टाची पायरी न चढता कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र इथून मिळतं. दिव्यांगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, नात्याचा पुरावा आणि होणाऱ्या पालकाची संमती, एवढे कागद लागतात. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात बैठक पुढे ढकलली जाते, साहेबांची बदली होते, आणि मुलगा कलेक्टर कचेरीच्या बोळात दोन तास येरझाऱ्या घालतो. शेवटी आत बोलावलं की कोणीतरी प्रेमाने विचारतं, 'बाळ, नाव काय तुझं?' आणि सव्वीस वर्षांचा तो बाळ छताच्या पंख्याकडे बघत राहतो.

या कायद्याखालच्या नियमांत एक अट आहे, ती आपल्या मध्यमवर्गाने नीट वाचावी. नेमला जाणारा पालक भारताचा नागरिक असावा लागतो, आणि शक्यतो जवळपास राहणारा असावा अशी अपेक्षा आहे. कोथरूड-पार्ल्यातल्या कितीतरी घरांत सगळा हिशेब थोरल्या मुलावर असतो, आणि थोरला न्यू जर्सीत. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की तो धाकट्याचा कायदेशीर पालक होऊ शकत नाही. प्रेम कितीही असो, दर महिन्याला पैसे कितीही येवोत. दुसरी अट मुलींसाठी: एकट्या पुरुषाला मुलीचं पालकत्व देत नाहीत, पत्नीसह संयुक्तपणे देतात आणि त्यात मुख्य पालक पत्नी असते. शिवाय पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. हे जाच वाटतं खरं, पण आपण डोळे मिटल्यावर पुतण्याकडे हिशेब मागणारं दुसरं कोण असणार?

हेही सांगायला हवं की प्रत्येक ऑटिस्टिक तरुणाला असा पालक लागत नाही. जो स्वतःचं खातं चालवतो, नोकरी करतो, नाही म्हणायचं तिथे नाही म्हणतो, त्याच्यावर 'कमिटीचा कागद' लादणं म्हणजे त्याचा सज्ञानपणा काढून घेणं. २०१६ चा कायदा मर्यादित पालकत्वाची भाषा बोलतो, म्हणजे ठरावीक कामापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि दोघांनी मिळून घेतलेल्या निर्णयांचं. आपल्याकडे ही भाषा अजून कचेरीपर्यंत पोचलेली नाही. नात्यातल्यांचा सल्ला एकच: सरसकट करून टाका. मला तो घाईचा वाटतो.

आता थोडं दूर जातो, कारण मोठ्या वयाच्या ऑटिझमचा विषय निघाला की मला डोनाल्ड ट्रिप्लेट आठवतो. बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवर जो निबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा. वैद्यकाच्या इतिहासात ऑटिझमचं निदान झालेला पहिला माणूस. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला संस्थेत ठेवलं होतं; वर्षभराने आईवडील त्याला परत घेऊन आले. पुढे काही वर्षं तो गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचं वेड होतं. मक्याच्या ओळी तो पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्या शेतकऱ्याने रागावण्याऐवजी त्याच्या हाती नांगर दिला: नांगरता नांगरता मोज. मापं घेण्याचा नाद होता, तर विहीर खणायला लावून खोली किती झाली ते सांगायला लावलं. १९४५ मध्ये कॅनर भेटायला गेले तेव्हा हा पोरगा घोडा लावून लांबच लांब तासं सरळ काढत होता.

पुढे तो आईच्या माहेरच्या बँकेत नोकरीला लागला, सत्ताविसाव्या वर्षी गाडी शिकला, गोल्फ खेळला, एकटाच देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी गेला. घरची सुबत्ता होती, बँकच घरची होती, हे विसरून चालणार नाही. पण आईवडिलांनी नुसता पैसा ठेवला नव्हता. ट्रस्ट असा बांधला होता की पैसे बेताबेताने हाती यावेत आणि कोणी लबाडाने ते एकदम लुबाडू नयेत. आणि गाव होतं. डोनाल्डवर लिहायला पत्रकार आले तेव्हा, त्याला त्रास झाला तर आमच्याशी गाठ आहे, अशी तंबी गावकऱ्यांनीच दिली. त्याच अकरांपैकी जी मुलं सरकारी इस्पितळांत गेली त्यांचं काय झालं, ते कॅनर यांनी १९७१ मध्ये लिहिलं आहे. वाचवत नाही.

आपल्याकडे ट्रस्टची सोय आहेच. १८८२ च्या कायद्याखाली खासगी कौटुंबिक ट्रस्ट करता येतो, आणि फ्लॅट थेट मुलाच्या नावावर करण्यापेक्षा तो बरा. गाव मात्र पालकांनाच उभं करावं लागलं. बदलापूरचं 'आधार' मा. गो. गोरे आणि त्यांच्यासारख्या पालकांनी उभारलं. डोंबिवलीजवळच्या खोणीतलं 'घरकुल' अमेय पालक संघटनेचं. पुण्याजवळ मारुंजीत 'नवक्षितिज' आहे. ही मुख्यतः बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांची निवासी घरं. ऑटिझममधल्या गोंगाटाच्या, स्पर्शाच्या, ठरलेल्या क्रमाच्या गरजा वेगळ्या असतात, तेव्हा आपल्या मुलाला तिथे जमतं का ते आधी दोन-चार दिवस राहून बघावं. नॅशनल ट्रस्टची 'घरौंदा' ही आजन्म निवासाची योजना आहे, पण ती चालवणारी संस्था आपल्या जिल्ह्यात हवी ना! सरकारने कागद दिला आणि माणसं पालकांनी शोधायची, अशी ही वाटणी आहे. मला ती मान्य नाही. पण ती बदलेपर्यंत मुलगा थांबणार नाही.

तोवर जे मिळतं ते सोडू नये. नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' आरोग्य विमा वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आहे. वैद्यकीय तपासणी न करता मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. पालक सरकारी नोकरीत असतील, तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. ऑफिसला मुलाची नोंद हयातीतच देऊन ठेवा, मागे राहिलेल्या बहिणीची वणवण वाचते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं मासिक अनुदान २०२५ मध्ये २५०० रुपये झालं. उत्पन्नाची अट मात्र इतकी कडक की शिपायाची नोकरी असलेलं घरही त्यातून बाहेर पडतं. आणि महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ते रॅम्प आणि तीनचाकींवर जातात, कारण प्रौढ ऑटिस्टिक मुलांसाठी दिवसभराच्या केंद्राची मागणी घेऊन नगरसेवकाकडे कोणी जातच नाही. वॉर्डातले पाच पालक एकत्र जाऊन बघा.

मुलगा सोळा-सतराचा असेल तर यूडीआयडी कार्डाची मुदत आजच बघून घ्या आणि बाकीचे कागद जमवायला लागा, म्हणजे अठरा पूर्ण होताच समितीकडे अर्ज जाईल. आणि तुम्ही त्याचे मामा, मावशी, आत्या किंवा चुलतभाऊ असाल, भारताचे नागरिक असाल आणि जवळपास राहत असाल, तर त्याच्या आईने विचारायची वाट बघू नका. 'तुमच्यानंतर पालक म्हणून माझं नाव द्या,' असं या आठवड्यात जाऊन सांगा.