अवगाहस्वेदाच्या टबातील एअर ब्लोअर : नवा निवडताना व बसविताना घ्यावयाची दक्षता

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात तेरा साग्नि स्वेदांमध्ये अवगाहाची गणना केलेली आहे. सुश्रुताचार्यांच्या चतुर्विध वर्गीकरणात तो द्रवस्वेदात अंतर्भूत होतो. वातघ्न क्वाथ, दुग्ध, तैल, घृत अथवा उष्णोदक यांनी भरलेल्या कोष्ठात रुग्णास बसविणे हे त्याचे मूळ स्वरूप होय. आज अनेक पंचकर्म केंद्रांत द्रोणीऐवजी फायबरचा किंवा ॲक्रिलिकचा टब वापरला जातो आणि त्यांपैकी काही टबांना तळातील छिद्रांतून हवेचे बुडबुडे सोडणारा एअर ब्लोअर जोडलेला असतो. बुडबुड्यांचा उल्लेख ग्रंथांत नाही. ती अलीकडची सोय आहे. रुग्णास त्या सुखावह वाटतात म्हणून आपण त्यांचा स्वीकार केला. मात्र सोयीबरोबर तिची जबाबदारीही स्वीकारावी लागते.

हा ब्लोअर कधी ना कधी बंद पडतो. अशा वेळी 'एक हॉर्सपॉवरचा नवा पाठवा' असे विक्रेत्यास दूरध्वनीवरून सांगावयाचे आणि प्लंबरकडून तो बसवून घ्यावयाचा, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. पण उघड्या अंगाने पाण्यात बसलेला रुग्ण आणि 230 व्होल्टवर चालणारे यंत्र येथे एकाच नळीने जोडलेले असतात. म्हणून ही खरेदी केवळ दुरुस्तीची बाब न मानता तिच्याकडे चिकित्सकाने स्वतः लक्ष पुरविले पाहिजे. व्याधीप्रमाणे येथेही प्रथम निदान, मग उपाय, हाच क्रम योग्य ठरतो.

निदान

ब्लोअर फिरतो, परंतु बुडबुडे येत नाहीत किंवा टबाच्या एकाच बाजूस येतात, अशी तक्रार असल्यास दोष बहुधा ब्लोअरमध्ये नसतो. छिद्रे क्षाराने अथवा क्वाथाच्या गाळाने बुजलेली असतात, नळीचा सांधा सुटलेला असतो किंवा एकदिश झडप अडकलेली असते. ब्लोअर मुळीच फिरत नसेल, तर टबाच्या कडेवरील हवेच्या दाबाने चालणारे बटण व त्याची बारीक रबरी नळी तपासावी. पुष्कळदा ती नळीच निसटलेली आढळते. फिरताना ठिणग्या व जळका वास येत असेल तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. कर्कश आवाज हे बेअरिंग गेल्याचे लक्षण होय.

ब्लोअर सुरू करताच आरसीसीबी (ज्यास व्यवहारात ईएलसीबी म्हणतात) खाली पडत असेल, तर मोटरमध्ये पाणी शिरले असण्याची शक्यता मोठी आहे. 'हा स्विचच सारखा पडतो' म्हणून तो वगळून थेट जोडणी करणे हा अक्षम्य अपराध समजावा. तो स्विच रुग्णाचे प्राण वाचवीत असतो.

मोटरमध्ये पाणी शिरले असल्यास ते कसे शिरले, हे शोधल्याविना नवा ब्लोअर आणू नये. हेतू तसाच राहिला तर नवे यंत्रही त्याच मार्गाने जाते.

निवड

पहिली बाब दाबाची. छिद्रांवर जितके पाणी उभे असते, तितका दाब हवेला ओलांडावा लागतो. 1 मीटर पाण्याचा दाब सुमारे 98 मिलिबार असतो. म्हणजे 50 सेंटिमीटर खोलीसाठी सुमारे 49 मिलिबार दाब लागतो. त्यात नळी, वळणे, झडप व छिद्रे यांचा अवरोध मिळवावा लागतो. ब्लोअरचा कार्यकारी दाब पाण्याच्या दाबाच्या किमान दीडपट असावा. माहितीपत्रकात महत्तम हवा व महत्तम दाब असे दोन आकडे ठळकपणे छापलेले असतात. त्यांपैकी पहिला आकडा शून्य दाबावर मिळतो आणि दुसरा हवेचा मार्ग पूर्ण बंद असताना. दोन्ही एकाच वेळी कधीही मिळत नाहीत. म्हणून आपल्या दाबाला किती हवा मिळेल, एवढेच विक्रेत्यास विचारावे आणि त्याचा आलेख मागून घ्यावा.

दुसरी बाब शक्तीची. 1 हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. मात्र घरगुती ब्लोअरवर छापलेल्या हॉर्सपॉवरच्या आकड्यावर फारसे विसंबू नये; मोटरच्या पट्टीवरील व्होल्ट, ॲम्पिअर व हर्ट्झ हे तीन आकडे पाहावेत. आयात केलेला ब्लोअर 120 व्होल्टचा असल्यास आपल्या 230 व्होल्टवर तो तत्काळ जळतो. 60 हर्ट्झसाठी बनविलेली ब्रशविरहित मोटर आपल्या 50 हर्ट्झवर सुमारे एकषष्ठांश कमी वेगाने फिरते आणि हवाही त्या प्रमाणात कमी देते. ब्रशच्या मोटरला हर्ट्झचा हा फरक जाणवत नाही.

तिसरी बाब कामाच्या तासांची, आणि आपल्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची. घरगुती टबातील ब्लोअरला व्हॅक्यूम क्लीनरसारखी ब्रशची मोटर असते. ती हलकी व स्वस्त असते. परंतु तिचे ब्रश काही शे तासांतच झिजतात. घरी आठवड्यातून दोनदा स्नान करणाऱ्यास ती अनेक वर्षे पुरते. केंद्रात दररोज 6 रुग्ण, प्रत्येकी 20 मिनिटे, महिन्यास 25 दिवस असा हिशेब केला, तर वर्षास 600 तास होतात. तेथे ही मोटर दरवर्षी किंवा दीड-दोन वर्षांनी मान टाकणारच. अशा केंद्राने, बाजारात ज्यास रिंग ब्लोअर किंवा टर्बाइन ब्लोअर म्हणतात, तो ब्रशविरहित मोटरचा प्रकार घ्यावा. तो जड व महाग असतो आणि त्यास स्वतंत्र जागा लागते. परंतु सतत चालण्यासाठीच तो घडविलेला असतो. हवा अडल्यास त्याच्या मोटरवरील भार वाढतो, म्हणून त्यास दाब सोडणारी झडप अवश्य बसवावी. सिंगल फेजचा आहे की थ्री फेजचा, हे आगाऊ पाहून घ्यावे. आठवड्यास चार-पाच रुग्ण असणाऱ्या चिकित्सालयास मात्र ब्रशचा ब्लोअर पुरेसा आहे. त्याने ब्रशची एक जोडी खरेदीच्या वेळीच घेऊन ठेवावी.

हीटरयुक्त ब्लोअरविषयी पुष्कळ गैरसमज आहे. 300 वॅटचा हीटर 20 मिनिटांत केवळ 0.1 युनिट उष्णता देतो. 250 लिटर पाण्याचे तापमान त्याने जेमतेम एकतृतीयांश अंशाने वाढेल. अंगाला लागणाऱ्या हवेचा गारवा कमी करणे एवढाच त्याचा उपयोग. उलट बुडबुड्यांमुळे बाष्पीभवन वाढून पाणी अधिक लवकर निवते. म्हणून अवगाहाच्या मध्यावर तापमापकाने पाणी पाहावे व उष्णोदक मिसळावे. पुढे निवणार म्हणून प्रारंभीच पाणी अधिक तप्त ठेवू नये.

बसविणे

ब्लोअर शक्यतो टबातील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच बसवावा. ते शक्य नसल्यास हवेची नळी पाण्याच्या महत्तम पातळीपेक्षा किमान 30 सेंटिमीटर वर नेऊन उलट्या 'यू' आकारात खाली आणावी आणि तिच्यात एकदिश झडप बसवावी. केवळ झडपेवर विसंबू नये. क्वाथाचा एखादा कण अडकला तरी ती उघडी राहते. मग ब्लोअर थांबताच पाणी नळीतून मोटरपर्यंत पोहोचते. मोटरमध्ये पाणी शिरण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच होय.

नळी आखूड व कमी वळणांची असावी. अमेरिकन बनावटीच्या ब्लोअरचे 2 इंची तोंड 60.3 मिलिमीटर बाह्यव्यासाच्या नळीसाठी असते, तर आपल्याकडील पीव्हीसी नळी 63 मिलिमीटरची मिळते. हा सांधा चिकटद्रव्य भरून जुळविण्याऐवजी रबरी जोड व क्लॅम्प वापरावा. पुढे ब्लोअर काढणेही त्यामुळे सोपे जाते. रिंग ब्लोअरमधून निघणारी हवा बरीच तापलेली असते, म्हणून सुरुवातीचा नळीचा भाग धातूचा असावा. ब्लोअर स्वेदनपेटीच्या वाफेपासून व क्वाथगृहाच्या धुरापासून दूर, कोरड्या व खेळत्या हवेच्या जागी ठेवावा, कारण तो जी हवा ओढतो तीच रुग्णाच्या श्वासात जाते. हवा आत घेण्याच्या तोंडावर गाळणी असावी.

विद्युत जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावी. स्वतंत्र सर्किट, 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आणि खात्रीचे अर्थिंग या तीन गोष्टींत तडजोड नको. टबात बसलेल्या रुग्णाच्या हाताशी विजेचा कोणताही स्विच अथवा सॉकेट नसावा. तेथे हवेच्या दाबाने चालणारे बटणच योग्य.

चाचणी

रुग्णास बसविण्यापूर्वी टब भरून ब्लोअर 20 मिनिटे चालवावा. प्रवाह मोटरच्या पट्टीवरील ॲम्पिअरच्या मर्यादेत आहे ना, हे वायरमनकडून मोजून घ्यावे. ब्लोअर बंद केल्यावर 10 मिनिटांनी, वीजपुरवठा तोडून, ब्लोअरजवळचा सांधा सोडून पाहावा. तो कोरडा असला पाहिजे. आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून तो पडतो याची खात्री करावी आणि ही तपासणी दरमहा करून नोंदवहीत तारखेसह लिहावी.

क्वाथ, तैल व व्रण

बुडबुड्यांच्या टबात तैल, घृत किंवा गाळ असलेला क्वाथ कदापि वापरू नये. छिद्रांमागील पोकळी हाताने धुता येत नाही. तेथे स्निग्धांश साचतो व त्यावर जंतूंचा थर वाढतो. लिजिओनेला व स्यूडोमोनास हे जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात पोसले जातात आणि बुडबुडे फुटताना त्यांचे सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत जातात. म्हणून प्रत्येक रुग्णानंतर टब रिकामा करून धुवावा व ब्लोअर दोन-तीन मिनिटे चालवून नलिका कोरड्या कराव्यात.

क्षारसूत्रानंतरचे रुग्ण, तसेच कोणताही उघडा व्रण असलेले रुग्ण यांस बुडबुड्यांच्या टबात बसवू नये. त्यांच्यासाठी उकळत्या पाण्याने धुता येईल असे साधे, गुळगुळीत पात्र हेच श्रेष्ठ. औषधनिर्मात्यांनीही अवगाहाच्या क्वाथचूर्णाच्या वेष्टनावर 'गाळून घ्यावे, बुडबुड्यांच्या टबासाठी नाही' अशी सूचना छापल्यास वैद्यांची मोठी सोय होईल.

ज्या केंद्रास ही सर्व दक्षता घेणे शक्य नाही, त्याने बंद पडलेला ब्लोअर काढून नळीचे तोंड कायमचे बंद करावे आणि टब साध्या उष्णोदक-अवगाहासाठी वापरावा. त्याने चिकित्सेत काहीही न्यून येत नाही. अवगाहाचा गुण द्रवाच्या उष्णतेत व द्रव्याच्या योजनेत आहे. हवेची जोड केवळ सुखासाठी आहे.